आमचं पत्रक कशावर टाइप झालं होतं

तुमच्या कॉम्प्युटरमधल्या ज्या सॉफ्टवेअरवर तुम्ही लिहिता, त्याची पावती तुमच्याकडे आहे का?

माझ्याकडे नव्हती. हे मला दिग्रसच्या बसस्टँडसमोर, चार माणसांच्या देखत कळलं.

माझे बाबा तहसील कचेरीत कारकून होते. अर्जदाराचा चहाही त्यांनी कधी घेतला नाही. पत्रकं मात्र ते आयुष्यभर लिहीत आले आहेत. रेशन, बसच्या फेऱ्या, नळाचं पाणी, विषय कोणताही असो. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले, पुढे ती टाइप करू लागले आणि आता निम्मा मजकूर माझाच असतो.

गेल्या उन्हाळ्यात बारावीचा निकाल तोंडावर आला होता. निकालानंतर जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी रांगा लागतात आणि रांगेत शिरले की दलाल भेटतात. म्हणून आम्ही पत्रक काढलं, ‘दाखल्यासाठी वरचे पैसे देऊ नका’. दाखला किती दिवसांत मिळायला हवा, नाही मिळाला तर तक्रार कुठे करायची, हे सगळं त्यात होतं. थोड्या झेरॉक्स काढून मी वाटायला उभी राहिले. प्रेसमधून मोठा गठ्ठा नंतर यायचा होता.

आमचा कॉम्प्युटर ज्याने बसवून दिला तो दुरुस्तीवाला तिथे चहा पीत होता. त्याने पत्रक पूर्ण वाचलं.

“ताई, लिवलं तं जबरदस्त. पण हे टाइप कायच्यावर केलं?”

“घरच्या कॉम्प्युटरवर.”

“म्हंजे म्या टाकून देल्लं तेच ना? क्रॅकवालं?” तो शेजारच्यांकडे वळला. “पाहा बा, चोरीच्या मालावर छापून राह्यले, चोरी करू नका!”

सगळे हसले. तोही मनापासून हसला, त्यात खोट नव्हती. आमच्याकडे दुकानदार ‘सगळं टाकून देतो’ म्हणतो, आपण ‘द्या’ म्हणतो, आणि त्यात क्रॅक केलेलं, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडून चालवलेलं, काय आहे ते कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

घरी येऊन मी हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. बाबा हसले नाहीत.

“वाटणं थांबव, प्रेसलेही थांबायले सांग,” ते म्हणाले.

“बाबा, निकाल लागून राह्यला! पोरायले दाखले आत्ता लागतीन. एवढ्या मोठ्या कंपनीचं आपल्या एका कॉम्प्युटरनं काय बिघडते?”

“आमचा एक साहेब वरचे पैसे घेतांना अस्संच म्हणे. एवढ्यानं सरकारचं काय बिघडते.”

मी चिडले, जेवले नाही. माझं म्हणणं आजही मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी पत्रकं घेऊन बाहेर पडले नाही.

विकत घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं. मग मी लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकट प्रणाली, लिहिण्याच्या सॉफ्टवेअरसकट उतरवून घेतली. मोबाइलच्या इंटरनेटवर तिला दोन दिवस लागले. बाबांना वेगळीच शंका.

“फुकट कोण देते? याच्यात मतलब काय?”

मी त्यांना परवान्याचा मजकूर मराठीत सांगितला. वापरा, आत काय आहे ते पाहा, हवं तर बदला, प्रत काढून दुसऱ्याला द्या. बाबांनी चष्मा काढला. त्यांच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ असते, ‘हे पत्रक कोणीही छापून वाटावे, परवानगीची गरज नाही’.

“म्हंजे त्याईनंही पत्रकच काढलं म्हन,” ते म्हणाले. “टाक मंग.”

यापुढचं सोपं झालं असं मी सांगणार नाही. प्रिंटर एक दिवस ओळखच दाखवेना. जुन्या फॉन्टमधल्या आमच्या सगळ्या फायली उघडल्या तेव्हा पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. पत्रक पुन्हा टाइप करणं आलं. युनिकोडचा, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांचा, कळफलक मला नवा, बाबांनाही नवा. त्यांचा हात मराठी टाइपरायटरवर बसलेला. एक ओळ ते टाइप करत, एक मी. ‘र्‍हास’ कसा काढायचा यावर आमचं भांडण झालं, आणि शेवटी आम्ही तो शब्दच बदलला.

प्रेसवाल्या काकांनी फाइल पाहून हात वर केले. “आमच्या फॉन्टमंदी आणा, बाई. याच्यात वेलांट्या उड्या मारून राह्यल्या.” त्यांना पीडीएफ करून दिली, तेव्हा वेलांट्या जागेवर राहिल्या.

पत्रक छापून हातात आलं तेव्हा निकालाला चार दिवस होऊन गेले होते. पहिल्याच दिवशी रांगेतल्या एका मुलीच्या आईने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, “थे पैसे तं आमी कालच देले. तुमी काल कायले नाई आल्या?”

बाबा आणि मी संध्याकाळपर्यंत वाटत राहिलो. काहींनी दलालाला परत पाठवलं, तेही आमच्यासमोर. पण त्या बाईचा काल काही परत आला नाही.

हा उशीर बाबांच्या तत्त्वामुळे झाला, असं मला काही दिवस वाटत होतं. तसं नाही. कॉम्प्युटर आमच्या घरी सहा वर्षं होता. त्यातल्या कुठल्याही निवांत रविवारी हे काम करता आलं असतं. मी ते केलं नाही, आणि नेमकं रांग लागली तेव्हा करावं लागलं.

म्हणून माझं एवढंच ऐका. तुमच्यापाशी आज कुठलंही काम अडलेलं नसेल, तर आजच बसा. आधी आपल्या फायलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. मग लिहिण्याचं एखादं मुक्त सॉफ्टवेअर उतरवा, युनिकोडचा कळफलक सुरू करा आणि पहिलं पान टाइप करा. हळू होईल, चुका होतील. होऊ द्या. आज तुमच्यासाठी कुणी रांगेत उभं नाही.