साहेब फाट्यावर आलेत

माझ्या लग्नात मी हातात हार धरून अंतरपाटाच्या आड उभी राहिले ती राहिलेच. मुहूर्त टळला, लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या झाल्या, भटजी एकदा घड्याळाकडं आणि एकदा माझ्या वडिलांकडं बघू लागले. मांडवाच्या तोंडाशी पांढऱ्या नेहरू शर्टातला एक गृहस्थ मात्र मजेत उभा होता. थोड्या थोड्या वेळानं मांडवाकडं वळून तो सांगायचा, "जरा दम धरा मंडळी. साहेब फाट्यावर आलेत." हे माझे चुलत सासरे, पुंजाराम नाना. साहेब म्हणजे आमदार. फाटा म्हणजे देवगाव रंगारीच्या अलीकडं हमरस्त्यावरून आमच्या गावाकडं वळायची जागा. फाटा आणि गाव यांच्या मध्ये एक ओढा आहे, आणि ओढ्याच्या काठावर उभं राहिलं की फाट्यावरची गाडी दिसते. त्या दिवशी तिथं जाऊन बघायचं कुणाला सुचलं नाही. गावात तेव्हा टेलिफोनही नव्हता, मग साहेब फाट्यावर आल्याचं नानांना कळत कसं होतं, हा प्रश्नसुद्धा एवढ्या मोठ्या मांडवात कुणाला पडला नाही. पुढं कळलं की तेव्हा साहेब शहरात, क्रांती चौकाजवळच्या घरी दाढी करत होते. दुपार कलल्यावर ते आले. माझं नाव वनिता. त्यांनी आशीर्वाद दिला तो सुनीताला. ती बहुधा आधीच्या मांडवातली असावी.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. नानांना जाऊन वर्ष होत आलं. इतके दिवस मी काहीतरी चांगलं आठवायचा प्रयत्न करते आहे. पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, नापासाला पास करायचा हात मला नाही.

नानांची शेती होती, ती नानी करायच्या. नाना आमदार आणायचे. लग्नात आशीर्वादाला आणायचे आणि दहाव्याला श्रद्धांजलीला आणायचे. आमच्या भागात दहाव्याला ओढ्याकाठी भटजीपेक्षा पुढारी जास्त वेळ बोलतो. ज्याच्या पिंडासमोर आमदारानं माइक धरला तो मेलेला मोठा, बाकीचे नुसते मेलेले. "माणसाचं वजन जित्तेपणी नाय कळत, सूनबाई," नाना म्हणायचे, "दहाव्याला कोन आलं ते बघायचं." ज्याच्या घरी कार्य निघायचं तो आधी नानांच्या ओट्यावर येऊन बसायचा. नाना डोळे मिटून विचार केल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "बघतो. शब्द टाकतो." हा शब्द त्यांनी जन्मभर टाकला, पण टाकला तो फक्त जेवणावळीसाठी.

त्यांच्या हयातीत आमच्या मतदारसंघाला चार आमदार झाले. पहिले धोतरवाले, बागायतदार, वडिलांच्या नावावर निवडून येणारे. त्यांना पाडून दुसरा आला तो घोषणा देत आला, कपाळाला हा मोठा टिळा, चौकाचौकात शाखेची पाटी. निकालाच्या संध्याकाळी नाना गुलालात न्हाऊन घरी आले. मतदानाच्या दिवशी त्यांनी धोतरवाल्यांची चिठ्ठी वाटली होती. मग मतदारसंघांची फेररचना झाली, आमचं गाव उचलून शेजारच्या मतदारसंघात टाकलं, आणि ज्याचं तोंड आम्ही कधी पाहिलं नव्हतं असा माणूस आमचा प्रतिनिधी झाला. गाव आठवडाभर गोंधळलं. नाना तिसऱ्या दिवशी त्याच्या बंगल्यावर नारळ घेऊन हजर. चौथे ते सध्याचे. ते एकाच निवडणुकीत निवडून आले आणि तेवढ्यात दोन पक्षांत राहून आले, तेव्हा नानांना निदान नारळ न्यायचं घर तरी बदलावं लागलं नाही. "आमदार बदलत आसतो," ते सांगायचे, "आमदारकी नाय बदलत. आपुन आमदारकीला धरून ऱ्हायचं."

त्यांच्या बैठकीत एकच फोटोची फ्रेम होती. आमदार बदलला की नाना नवा फोटो जुन्याच्या पुढं सरकवायचे. फोटोत आमदार मध्ये, नाना त्याच्या डाव्या खांद्यामागं, मान थोडी पुढं काढलेली. एकामागं एक चार झाल्यावर फ्रेमची पाठ बसेना, ती नानींनी सुतळीनं बांधली. मोबाइल आला तेव्हा त्यांनी माझ्या मुलाकडून एक नंबर 'साहेब' म्हणून भरून घेतला. पुढं नंबर बदलले, नाव कधी बदलावं लागलं नाही. सत्काराच्या शाली ते शहरातल्या शहागंजातून ठोक आणायचे. एकदा मी सोबत होते. दुकानदारानं त्यांना लांबूनच ओळखलं आणि विचारलं, "नाना, अबके कौनसा रंग चल रहा?" नाना जराही लाजले नाहीत, दोन रंगांच्या घेऊन ठेवल्या.

सगळ्यांकडं आमदार जायचे असंही नाही. आमच्या शाळेतले किसन गुरुजी गेले, बौद्ध वस्तीतले, निम्मं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आमदार गावातच होते, नानांच्या मळ्यात हुरडा खात बसले होते. वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. मी निरोप पाठवला. नानांचं उत्तर आलं, "साहेबांना तसदी कशाला?" मग मी गेले आणि चार शब्द बोलले. मास्तरणीच्या चार शब्दांना काय किंमत असते ते मला ठाऊक आहे.

आता त्या ओढ्याचं सांगते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं देवगावला जायचं तर ओढा ओलांडायचा. त्यावर नुसती फरशी, पावसाळ्यात तिच्यावरून पाणी वाहतं. पोरं चड्डी वर करून जायची, पोरींना घरी बसवायचे. दरवर्षी जून आला की माझ्या सातवीतून पास झालेल्या पोरी मला शेतात खुरपं घेऊन दिसायच्या. संगीता नावाची एक होती, गणितात मला चुका दाखवायची. तिचा बाप म्हणाला, "बाई, पानी कमरेला लागतं. पोर व्हावून गेली तर तुमी देणार का आणून?" मी नानांकडं गेले. म्हटलं, तुमचं एवढं वजन आहे, एक पूल मागा. दुसरं आयुष्यात काही मागू नका.

नानांनी पान लावत लावत मला शहाणपण शिकवलं. "सूनबाई, मागनाऱ्याला दारात उभं करत्येत. न मागनाऱ्याला सोफ्यावर बसवत्येत. एकदा मागितलं, की आपुन बी गर्दीतले झालो."

त्याच महिन्यात तिसरे आमदार एका लग्नासाठी आले आणि नानांच्या बैठकीत चहाला थांबले. मी चहा घेऊन गेले. बिचारा नवा होता, त्यानं आपणहून विचारलं, "नाना, गावाचं काही काम असलं तर सांगा." नाना हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमी आलात, ह्येच आमचं काम." मग मला राहवलं नाही. मी ट्रे तसाच हातात धरून म्हणाले, "साहेब, ओढ्यावर पूल पाहिजे. पोरींच्या शाळा सुटताहेत." आमदारानं माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात नाना हसले. "आमच्या सूनबाई मास्तरीन हायेत साहेब. त्यायला सगळीकडं पोरंच दिसत्येत." बैठक हसली, आमदारही हसला, चहा संपला. बशीत पडलेला चहा नानांनी फुर्र करून ओढला. त्या आवाजाची किळस मला आजही येते.

संगीता शेतात राबली आणि वयात आल्यावर तिचं लग्न ठरलं. तिच्या बापानं नानांच्या ओट्यावर जाऊन हात जोडले. आमदार आले, उशिराच आले, आणि मुलींच्या शिक्षणावर बोलले. संगीता हार धरून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. त्या दिवसापासून मी नानांच्या पाया पडणं बंद केलं. ते त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

गेल्या भादव्यात नाना गेले. छातीत कळ आली आणि बसल्या जागी संपले, फोन हातातच होता. मी निवृत्तीनंतर शहरात राहते, दहाव्याच्या आदल्या दिवशी गावी गेले. त्यांचा मुलगा दिगंबर शोकात कमी आणि फोनवर जास्त होता. बापाचा धंदा त्याला चालवायचा होता. ओढ्याकाठी मांडव, माइक, खुर्च्या, आणि साहेबांसाठी एक सोफा. नेमका वर डोंगराकडं पाऊस झाला आणि सकाळपासून फरशीवरून गढूळ पाणी जोरात वाहू लागलं.

पिंड मांडले. बाभळीवर कावळे बसलेले, पण खाली उतरेना एकही. दिगंबर सांगत होता, "दम धरा, साहेब निघालेत." लोक आळीपाळीनं पिंडापुढं जाऊन नानांची समजूत काढू लागले. एकजण म्हणाला, "नाना, दिगंबरला पंचायत समितीचं तिकीट आनू." दुसरा म्हणाला, "तुमच्या नावाची कमान उभारू फाट्यावर." कावळे ढिम्म. पुलाचं नाव कुणी काढलं नाही. मी काढावं असं मनात आलं, पण म्हटलं, जितेपणी ज्याला ते नको होतं त्याला आता ते कशाला सांगायचं. ऊन चढलं. चुलीवरचा स्वयंपाक केव्हाच झाला होता, पोरं भुकेनं रडत होती. माझ्या लग्नातली दुपार मला तशीच्या तशी आठवली.

आणि मग ओढ्यापलीकडं खरंच पांढरी गाडी दिसली. फाट्यावरून वळली, उतारानं खाली आली, पाण्याच्या कडेला थांबली. ड्रायव्हरनं उतरून पाणी पाहिलं. मागची काच अर्धी खाली झाली, दोन हात जोडलेले दिसले, काच वर गेली. दिगंबरचा फोन वाजला. पलीकडून साहेबांचा माणूस सांगत होता की गाडी पाण्यात घालता येत नाही, इथूनच श्रद्धांजली, आणि पुढं आणखी एक दहावा आहे. गाडीनं तोंड फिरवलं आणि चढावर दिसेनाशी झाली. सगळ्या गावानं ते पाहिलं. काठावर बसलेल्या नानींनीही पाहिलं.

नानी उठल्या. जन्मभर या बाईचा आवाज मी बैठकीत ऐकला नव्हता. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या पिंडाजवळ गेल्या, खाली वाकल्या आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं हळूच म्हणाल्या, "आवं, साहेब फाट्यावर आलेत."

कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावली.

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हसू मला आलं नाही, रडूही आलं नाही. नानी परत येताना माझ्यापाशी थांबल्या.

"माघारी गेले ते नाय सांगितलं मी," त्या म्हणाल्या. "चल, पानं वाढाय घे. लोकं लई येळची थांबलीत."