बांगडीतली पिन

करंजाच्या तेलाचा वास आला की मला पवनारची, पंचावन्न-छप्पन सालातली एक दुपार आठवते. माझ्या मोठ्या बहिणीला पाहायला सेलूचे लोक आले होते. तिच्या कोपरांवर लाल चट्टे होते आणि त्यांवरून कोंड्यासारखे पापुद्रे सुटत. हा महारोग नव्हे, लागणाराही नव्हे. कमी होईल, पुन्हा येईल, रोज तेल लावत जा, असं वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते तेल मीच लावायची. पोह्यांची बशी पुढे करताना तिच्या पोलक्याची बाही वर सरकली आणि मुलाच्या आत्याला चट्टा दिसला. वडील डॉक्टरांचं म्हणणं सांगू लागले. “डॉक्टर राहू द्या, भाऊ. महारोग असन तं टोचलेलं समजत नाई,” असं म्हणत आत्याने बांगडीतली पिन काढली आणि हसत हसत चट्ट्यात खुपसली. रक्ताचा थेंब आला. बहीण खाली मान घालून तशीच बसून राहिली, कारण पाहुण्यांसमोर हूं की चूं करायचं नाही, अशी आईची सकाळीच ताकीद होती. “पाहा, पोरीले पत्ताच नाई!” म्हणत आत्या उठली आणि पाहुणे पाणीही न पिता गेले. स्वयंपाकघरात बहीण मला म्हणाली, “लय दुखलं वं.” पुढे गावाने तिला महारोगीच ठरवलं, तिचं लग्न झालंच नाही. गेल्या महिन्यात ती गेली. शेवटच्या आंघोळीआधी मी तिच्या कोपरांना तेल लावलं. नुसतं माझं बोट लागलं तरी तो चट्टा दुखायचा, हे त्या दुपारी मला माहीत होतं; पण ताकीद मलाही होती.