मैनाचं बाहेर बसणं

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षी नत्थुजींनी बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या बसवल्या, स्वतःला जरीचा रुमाल घेतला आणि तेवढ्यावर हौस भागेना म्हणून सुनेला शाळेत घातलं. अमरावतीत एका पंतोजींच्या ओसरीवर सात मुली शिकत. सासरहून येणारी तेरा वर्षांची मैना एकटीच. हिशेबात तिने पंतोजींनाही दोनदा चुकीत पकडलं होतं.

मग तिला दिवस गेले. हे घरात कळलं की शाळा बंद, हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्हणून मैनाने भलताच उद्योग आरंभला. कावळा शिवलेला नसतानाही ती दर महिन्याला तीन दिवस गोठ्याशेजारच्या पडवीत बाहेर बसू लागली. कशाला शिवायचं नाही, लिहायच्या पाटीलाही नाही. तोंडाने पावकी-निमकीचे पाढे घोकायची, आणि कोणाची चाहूल लागली की भिंतीकडे तोंड करून बसायची.

दोन महिने निभावले. तिसऱ्या खेपेला बाहेर बसायचे दिवस आणि परीक्षा नेमके एकत्र आले. बसावं तर परीक्षा बुडते, न बसावं तर बिंग फुटतं. मैनाने विचार केला आणि आठ दिवस आधीच पडवी गाठली.

सासू पार्वताबाईंना अक्षर येत नव्हतं, पण घरातल्या गाई-म्हशींच्या आणि सुनेच्या तिथ्या तोंडपाठ. त्या पडवीत आल्या.

"काहून वं मैने, या खेपी कावळ्याले लय घाई झाली?"

मैना भिंतीला चिकटली. "मले शिवू नका, आत्याबाई."

पार्वताबाईंनी खाली बसून सरळ तिच्या पोटावर हात ठेवला. सासू शिवली, म्हणजे सासूला कळलं.

"कितवा?"

"तिसरा." मग एका दमात, "मंगळवारी परीक्षा हाय. तेवढी देऊ द्या. मंग नाई जात."

"मी तुले कोंडून नाई ठेवून राहिली, पोरी. मले भेव वाटते."

बिथरलेल्या बैलाची वेसण धरणारी ही बाई. तिच्या तोंडून 'भेव' हा शब्द मैनाने पहिल्यांदाच ऐकला.

"कायचं भेव?"

"माही शकुन पहिल्याच बाळंतपणात गेली."

नवऱ्याला एक बहीण होती, एवढंच मैनाला ठाऊक होतं. "किती वर्साच्या होत्या?"

"तुयाएवढी."

मंगळवारी पंतोजींनी मैनाचं नाव दोनदा पुकारलं. ती घरीच होती. दार सताड उघडं होतं, कोणी अडवलंही नव्हतं. उंबरठ्यापर्यंत गेली की तिला सासूचं 'तुयाएवढी' आठवे आणि ती मागे फिरे.