गढीच्या उजेडातला धान

आमच्या धानाच्या बांधीला लागून जुन्या गढीची दगडी भिंत आहे. तिच्यावर लाइट लागावेत म्हणून माझे सासरे कितीतरी वर्षं ग्रामपंचायतीच्या मागे लागले होते. मी त्यांना मामाजी म्हणते. शेवटी काम मंजूर झालं अन् नागपूरहून लाइटिंग डिझाइन करणारी एक मॅडम आली. भली पोरगी. तिनं दगडाला एक भोक पाडू दिलं नाही, वटवाघळांच्या कपारी अंधारात ठेवल्या, पिवळसर दिवे खाली जमिनीत बसवले. जाताना म्हणाली, "बाबा, या उजेडाचा कोणाला त्रास नाही ना होणार?"

"कायचा तरास! आमची तं आता रोजच दिवाळी हाय!"

पहिल्या संध्याकाळी भिंतीचा एकेक थर उजळला. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरून आले. मामाजी तर मोहाडीच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले.

त्याच भिंतीखाली आमचा बियाण्याचा धान असतो, कारण तलावाचं पाणी आधी तिथं येतं. वासाचा, उशिरा येणारा भारी धान, मामाजींच्या वडिलांपासून घरात चालत आलेला. बाकी शेतात दुकानातलं बी. हा धान गावात आता दुसऱ्या कोणाकडेच नाही, अन् होतं नव्हतं ते बी आम्ही पेरून बसलो होतो.

दसरा गेला. सगळीकडे लोंब्या निघाल्या अन् भिंतीखालचा धान नुसता हिरवागार, गवतासारखा! रस्त्यावरच्या लाइटच्या खांबाखाली रात्रभर उजेड, म्हणून तिथं धान निसवत नाही, लोंबी धरत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. तेवढी जागा आम्ही सोडूनच देतो. पण गढीचा लाइट म्हणजे शोभा, तो खांबासारखाच लाइट आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

"मामाजी, लाइट बंद कराले सांगा."

"मीच मांगलो, आता मीच कसा बंद करा म्हनू? लोकं हासतील."

"हासू द्या ना! बी गेलं तं काय भिंत पेरता?"

सासऱ्याला असं बोलायचं नसतं. पण माझं डोकं फिरलं होतं. ते ताटावरून उठून गेले. मग मीच मॅडमला फोन लावला. बिचारी दुसऱ्याच दिवशी आली, धान पाहून तिचा चेहरा उतरला, अन् तिनं उभ्या उभ्या लाइट बंद करवले.

धान निसवला, पण ऐन थंडीत. भरलेली लोंबी खाली वाकते. या ताठ उभ्या. मामाजींनी एक तोडली, दाणा दाताखाली धरला. पोचट. दुसरी बांधीच्या पलीकडच्या टोकाची पाहिली, तीही पोचट. थंडीनं दाणा भरलाच नव्हता. मी बांधीच्या धुऱ्यावर उभी होते. राग अजून उतरला नव्हता, अन् तो नेमका कोणावर, तेही कळत नव्हतं.

ते लोंबी हातात धरून भिंतीकडे पाहत राहिले.

"पोरी, खरं सांग. भिंत साजरी दिसत होती ना?"

"दिसत होती, मामाजी," मी म्हटलं. "लय साजरी दिसत होती."