मर्व्हचं न आलेलं गिऱ्हाईक

मर्व्ह ट्रेगेन्झाच्या दुकानात जाऊन ज्याचा अपमान झाला नाही, असा माणूस ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बॅलरॅटमध्ये सापडायचा नाही. मर्व्ह मेंढीच्या लोकरी कातड्याच्या सपाता शिवतो. तुम्ही बाकावर बसायचं, मोजे काढायचे, तो समोर स्टुलावर बसून तुमचा पाय हातात घेणार आणि त्या पायाबद्दल, आणि ओघात तुमच्याबद्दल, मनात येईल ते बोलणार. "हा पाय आहे की फुगलेला पाव?" किंवा, "जन्मभर उंच टाचा घालून मिरवलीस, आता बोटं रडायला लागल्यावर मर्व्ह आठवला होय?" एकदा नगराध्यक्ष आले होते. त्यांना म्हणाला, "डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे तुझा. डोकंही मोजून घे कधीतरी, तिथंही काहीतरी कमीजास्त असणार."

लोक ऐकून घ्यायचे, कारण सपाता तशा दुसरीकडं मिळत नाहीत. शिवाय मर्व्हचा एक शब्द होता. सपाता हातात देताना तो म्हणायचा, "तळ झिजला की घेऊन ये. मी जिवंत आहे तोवर फुकट बदलून देईन. मेल्यावर तुझं तू बघ." गावातली निम्मी म्हातारी माणसं या शब्दावर चालत होती.

मी ग्लेनिस. मर्व्हच्या शेजारचं केस कापायचं दुकान माझं. मधली भिंत पातळ, त्यामुळे माझ्या गिऱ्हाइकांना केस कापून होईपर्यंत करमणूक फुकट. रोज सकाळी मी दोन कप चहा करायची, एक त्याच्याकडं न्यायची आणि भांडून परत यायची. माझा नवरा गेल्यानंतर मला पहिल्यांदा हसू आलं, ते मर्व्हनं माझ्या केसांच्या रंगाला गंजलेल्या पत्र्याचा रंग म्हटलं तेव्हा. अशा माणसाचे उपकार फिटत नसतात.

तर या मर्व्हवर त्या वर्षी संक्रांत आली होती. त्याचा मुलगा ग्रँट तिकडं वर क्वीन्सलंडमध्ये, बंडाबर्गला असतो. तिथं हिवाळ्यातसुद्धा लोक अनवाणी हिंडतात. ग्रँटनं बापाला अटीत पकडलं होतं: दुकानाच्या भाड्याचा करार जूनअखेर संपतोय, तोवर विक्री सुधारली नाही तर दुकान बंद करायचं आणि गुमान बंडाबर्गला यायचं. विक्री खरोखरच उतरणीला लागली होती. मोठ्या दुकानातल्या स्वस्त सपाता लोक घ्यायला लागले होते. मर्व्हनं मुलाला शब्द दिला, आणि शब्द दिला की तो पाळायचा ही त्याची खोड. सपाता शिवणाऱ्या माणसानं म्हातारपणी बंडाबर्गला जाऊन काय करायचं? छत्र्या शिवायच्या?

अशा वेळी डॉक्टर लाकलन पर्डी आला. हा विद्यापीठात मार्केटिंग शिकवायचा. आयुष्यात त्यानं स्वतः काही विकलं नव्हतं, पण विकावं कसं यावर त्याची दोन जाडजूड पुस्तकं होती. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शेवटी एका खऱ्याखुऱ्या व्यावसायिकाचं काम करायला द्यायचं, असा त्यांचा रिवाज आहे. त्या वर्षी ठरलेला बिअरवाला ऐनवेळी मागं फिरला होता आणि पर्डी नवा क्लायंट शोधत होता. मर्व्हनं त्याचा पाय हातात घेतला आणि म्हणाला, "या टाचेवर कधी वजन पडलंय असं वाटत नाही." पर्डीला हर्ष झाला. त्याला हवा तसा अस्सल माणूस मिळाला होता. मर्व्हला वाटलं, शिकलेली पोरं फुकटात दुकान वाचवणार असतील तर नाही का म्हणायचं?

पोरं तीन होती. मेलबर्नची इमोजेन त्यांची पुढारी. ती प्रत्येक वाक्य असं बोलायची, की ते आधीच पडद्यावर लिहिलेलं आहे असं वाटावं. नेपाळचा बिशाल आकडेमोडीला. आणि श्रीलंकेची दिनिथी, गोड मुलगी, तिच्याकडं चित्रं आणि मजकूर. पहिले काही आठवडे त्यांनी गटाचं नाव काय ठेवायचं यावर घालवले. मग सोमवारी सकाळी, जेव्हा दुकानात चिटपाखरूही नसतं, तेव्हा येऊन पाहणी केली आणि दुकानात माणसं येत नाहीत असा निष्कर्ष काढला. मग इंटरनेटवर प्रश्नावली टाकली. ती त्यांच्याच वर्गमित्रांनी भरली. त्यांतल्या बहुतेकांनी जन्मात सपाता घातल्या नव्हत्या, पण सपातांबद्दल मतं मात्र ठाम होती.

त्या मतांमधून फेलिसिटी जन्माला आली.

मी चहा घेऊन गेले होते, तेव्हा इमोजेननं तिचा मोठा छापील फोटो गल्ल्यावर ठेवला. खिडकीपाशी बसलेली एक देखणी बाई, दोन्ही हातांत कप.

"ही कोण?" मर्व्हनं विचारलं.

"तुमची ग्राहक. फेलिसिटी. वय छत्तीस. योगासनं करते, ओटचं दूध पिते, पर्यावरणाची काळजी आहे तिला."

"कधी आली होती?"

"आली नाही अजून. येणार आहे."

"अनवाणी आहे की ही."

"म्हणूनच तर," इमोजेन म्हणाली.

"अरे मर्व्ह," मी म्हटलं, "अशी कुणी बाई नाहीये. ही यांनी बनवलीय. बाजारात तुरी आणि तू इथं फोडणी करायला निघालास."

"तू गप गं. त्यांना शिकवतात हे."

इमोजेननं समजावून सांगितलं, की आमच्या शास्त्रात असा एक आदर्श ग्राहक ठरवावा लागतो आणि त्याला डोळ्यांसमोर ठेवून सगळं करायचं असतं. फेलिसिटीला कुणी खेकसून बोललेलं आवडत नाही. दुकानात पाऊल टाकताच आपलं स्वागत होतंय असं तिला वाटलं पाहिजे. मर्व्हनं मान डोलावली. ज्या माणसानं जिवंत बाईचा एक सल्ला कधी ऐकला नाही, त्यानं फोटोतल्या बाईपुढं मान तुकवली. मला तिथंच कप आपटावासा वाटला.

मर्व्हनं तो फोटो शिवायच्या मशीनच्या वर, नजरेसमोर लावला. दर आठवड्याला पोरं आली, की तो आधी तिची चौकशी करायचा.

"लग्न झालंय का तिचं?"

दिनिथीनं इमोजेनकडं पाहिलं, इमोजेननं कागदाकडं. कागदावर ते नव्हतं. "घटस्फोट झालाय, अंकल," दिनिथी म्हणाली.

"अरेरे. का गं?"

"त्याला... तो तिचं ऐकून घ्यायचा नाही."

मर्व्हनं वर फोटोकडं पाहिलं. "मूलबाळ?"

"एक मुलगी आहे."

"मग तिच्यासाठीपण छोटा जोड करून ठेवायला हवा," मर्व्ह म्हणाला. आणि त्यानं खरंच करून ठेवला. पर्डीनं वर्गात सांगितलं म्हणे, की क्लायंटचा इतका सहभाग त्यानं कधी पाहिला नव्हता.

मर्व्ह रोज दाढी करायला लागला. दारावरची 'बघायचं तर बघा, हात लावला तर विकत घ्या' ही पाटी त्यानं काढली. कुणी आत आलं, की हात जोडल्यासारखे करून म्हणायचा, "या, या. आपली काय सेवा करू?" पाय हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "वा, सुंदर पाय आहे."

मर्व्हचं जुनं गिऱ्हाईक नोला पॅस्को हे ऐकून तडक माझ्याकडं आली. खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. "ग्लेनिस, मर्व्हला काय झालंय? डॉक्टरांनी किती मुदत दिलीय?"

"कसली मुदत?"

"माझ्या या पायाला सुंदर म्हणाला तो. माणूस जायला निघाल्याशिवाय असं बोलत नाही."

मी तिला फेलिसिटीची सगळी हकिकत सांगितली. तिनं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. मरणाऱ्या मित्राची लाज झाकायला मी थाप मारतेय, असं तिला वाटलं. संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. चर्चमधल्या बायका सूप घेऊन आल्या. कुणी पास्टी, म्हणजे आमच्याकडच्या खिम्याच्या करंज्या, आणल्या, कुणी केक. पण सपाता कुणी घेईना. ज्या सपातांचे तळ मर्व्ह जिवंत असेतोवर बदलून मिळणार, त्या मरायला टेकलेल्या मर्व्हकडून कोण घेणार? लोकांचं प्रेम असतं, पण हिशोबही असतो.

मर्व्हला मात्र वाटलं, गोड बोलण्याचा गुण आला. "बघ ग्लेन, लोक किती माया करायला लागले."

"अरे बाबा, ते तुला पोचवायला आलेत. एप्रिलातला ॲन्झॅक डे होऊन गेला, थंडी पडली, गावात घरोघर हीटर लागले आणि तुझी एक जोडी हललेली नाही. ही पोरं आणि ती बया तुला बंडाबर्गच्या गाडीत बसवणार आहेत."

तो शांतपणे हसला. "तुझं मत माझ्यासाठी मोलाचं आहे, ग्लेनिस."

माझ्या हातातला चहा सांडला. इतकी वर्षं त्यानं मला नाही नाही ते ऐकवलं, पण इतकं लागेल असं कधी बोलला नव्हता.

जूनच्या सुरुवातीला एका मंगळवारी विद्यापीठात त्या पोरांचं सादरीकरण होतं. मर्व्हनं कोट घातला, मीही बरोबर गेले. आधी बिशाल उठला. पोरगा प्रामाणिक. त्यानं पडद्यावर विक्रीची रेघ दाखवली. ती रेघ फेलिसिटी आल्या दिवसापासून जी उतरत गेली होती, ती अजून उतरतच होती. मला वाटलं, आता तरी यांना शरम वाटेल. पण इमोजेन हसतमुखानं पुढं आली. म्हणाली, ही आम्हाला शिकण्याची मोठी संधी होती. लोक मर्व्हकडं सपातांसाठी येत नव्हते, अपमानासाठी येत होते. तेव्हा आमची अंतिम शिफारस अशी, की अपमान हाच ब्रँड करावा. 'खडूस मर्व्ह'. साधा, मध्यम आणि झणझणीत, अशा तीन प्रकारांत अपमान मिळेल. शनिवारी कुटुंबांसाठी खास. परीक्षक माना डोलवत होते. पर्डी तर खुर्चीतून अर्धा उठला होता.

"काही प्रश्न?" इमोजेननं विचारलं.

मर्व्ह उभा राहिला. "फेलिसिटीचं काय?"

"तिला आम्ही काढून टाकलं."

"काढून टाकलं म्हणजे?"

"आकडे तिच्या बाजूनं नव्हते, मर्व्ह."

"आणि तिची मुलगी?"

दिनिथीनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "सॉरी, अंकल."

मग मर्व्हचा बांध फुटला. कित्येक महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. पर्डीच्या टाचांपासून सुरुवात करून त्यानं परीक्षकांचे बूट, त्यांची अक्कल, त्यांचे कागद, एकेकाला सोलून काढलं. "बाई बनवता, माणसाला तिची वाट बघायला लावता आणि मंगळवारी काढून टाकता? अरे, कुत्रा सोडतानासुद्धा माणूस एकदा मागं वळून बघतो."

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांना वाटलं, हा सादरीकरणाचाच भाग आहे. पर्डी डोळे पुसत म्हणाला, "बघा, याला म्हणतात जिवंत ब्रँड." पोरांना वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. कुणीतरी ते सगळं फोनवर टिपून इंटरनेटवर टाकलं.

पुढच्या शनिवारी दुकानाबाहेर रांग लागली. मर्व्ह मरत नाहीये याची गावाला खात्री पटली होती, आणि मेलबर्नहूनही लोक आले होते. पहिल्याच पोरानं बाकावर बसून मोजे काढले, फोन समोर धरला आणि म्हणाला, "द्या, झणझणीत द्या."

मर्व्हनं त्याच्या पायाकडं पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मुकाट्यानं माप घेतलं. दुसऱ्याचंही तसंच. "आम्हालापण काहीतरी बोला ना," एक बाई म्हणाली. मर्व्ह उठला, पडदा सारून मागच्या खोलीत गेला. मी मागोमाग गेले.

"ग्रँटला कळवतो, येतो म्हणून," तो म्हणाला.

"वेड लागलंय? रांग बघ बाहेर."

"ते सपाता घ्यायला आलेले नाहीत, ग्लेन. तमाशा बघायला आलेत. मला ठरवून नाही बोलता येत. गोडही येत नाही, कडूही येत नाही. मी कसा बोलायचो तेच आठवेना."

त्याचा चेहरा पाहून मला भडभडून आलं, आणि मला भडभडून आलं की माझी जीभ सुटते.

"जा मग. जा आणि घामानं भिजून मर तिकडं. फोटोतल्या बाईसाठी रोज दाढी केलीस, तिच्या नसलेल्या पोरीसाठी जोड शिवलास. मी इतकी वर्षं समोर उभी आहे, मला कधी विचारलंस, तुला काय हवंय म्हणून? तुझं मत मोलाचं आहे म्हणे. मेल्या, तू गेलास तर मी सकाळी कुणाशी भांडू? भिंतीशी?"

पडद्यापलीकडची रांग कान देऊन ऐकत होती.

"चहा आणते म्हणून मिरवतेस," तो हळूहळू म्हणाला. "त्याला चहा म्हणतात? केस धुतलेलं पाणी बरं त्याच्यापेक्षा. इतकी वर्षं गिळतोय मी ते. आणि रडू नकोस, रडताना तू तुझ्या आईसारखी दिसतेस, आणि ती बाई दिसायला कशी होती हे गावाला ठाऊक आहे."

"माझ्या आईचं नाव काढू नकोस."

"काढणार."

बराच वेळ आम्ही भांडलो. मग त्यानं माझ्यासमोरच फोन लावला.

"ग्रँट? मी येत नाही. नाही, शब्द मोडतोय, ठाऊक आहे मला. पहिल्यांदाच मोडतोय. विक्रीचं काय होईल ते अजून सांगता येत नाही." मग पलीकडून ग्रँट बराच वेळ बोलत होता. मर्व्हनं फोन कानापासून जरा लांब धरला आणि माझ्याकडं पाहिलं.

"गिऱ्हाईक आहे एक," तो म्हणाला. "नाही, ही खरी आहे. फार बोलते."