बेनेडिक्ट अंकलनी घातलेली घडी

श्री. बेनेडिक्ट परेरा यांची आणि माझी ओळख वादाने झाली. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला मी नुकतीच शिकले होते. एका वैमानिकाचं जुनं आपत्कालीन पॅराशूट विकत घेऊन मुलुंडहून मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या गाळ्यात गेले. पॅराशूट तपासून, घडी घालून, सही करून देणं हे त्यांचं काम.

"अंकल, तपासून सही द्या ना. रविवारी उडायचंय."

त्यांनी ते माझ्या पाठीवर चढवलं, मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "खेच."

मी हँडल ओढलं. हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, तरी नाही. पिन गंजून अडकली होती.

"वर हेच झालं असतं तर?"

त्यांनी ते उघडलं. आतल्या कापडावर बुरशीचे डाग निघाले. "ओलं ठेवलंय कुणीतरी. रडलीस तरी सही देणार नाही," असं म्हणून त्यांनी माझं वजन विचारलं, ग्लायडरच्या सीटची मापं मागवली. "पातळ पाठीचं घे. जाड घेतलंस तर पुढे सरकशील, पाय आखडतील."

नवं पॅराशूट मी दर वेळी तपासणीची मुदत संपण्याआधी त्यांच्याकडे नेऊ लागले. ते दिवसभर टांगून त्याला वारा देत, मग लांब टेबलावर एकेक दोरी बोटांखालून नेत. घडी पूर्ण होईपर्यंत फोन घेत नसत. दर खेपेला मला खुर्चीत बसवून घोकून घेत: ग्लायडरचं झाकण, सीटचे पट्टे, उडी, हँडल. या शिकवणीचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात हवेत दुसरं ग्लायडर माझ्या ग्लायडरच्या शेपटीवर आदळलं. ग्लायडरचं नाक खाली गेलं. नियंत्रणाची दांडी ओढून पाहिली, काही उपयोग नाही. जमीन गरगरत वर येत होती. झाकण उडवलं. पट्टा हाताला सापडेना. सापडला. उडी मारली. हँडल खेचलं. पुढचा क्षण काहीच घडलं नाही. मग खांद्यांना जबर हिसका बसला आणि सगळं शांत झालं. मी ज्वारीच्या शेतात उतरले. घोटा मोडला, एवढंच. दुसरा वैमानिकही सुखरूप उतरला.

पाय प्लास्टरमध्ये घालून, पेढे आणि ते पॅराशूट घेऊन मी मरोळला गेले. अंकलनी पेढ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. पॅराशूट टेबलावर पसरलं. एक दोरी घासलेली दिसली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मी वाचले ना, अंकल!"

"तू वाचलीस म्हणून मी चुकलो नाही, असं होत नाही, पोरी. घरी जा."

दोन दिवस त्यांनी शिवण न् शिवण तपासली. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "पॅराशूट उघडताना दोरी ग्लायडरच्या कडेला घासली. घडी बरोबर होती." मग म्हणाले, "आता पेढे आण."

अंकल आज पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांची बोटं अशीच स्थिर राहोत, नजर तीक्ष्ण राहो, त्यांना उदंड निरोगी आयुष्य लाभो. आणि यापुढे त्यांनी घातलेली एकही घडी आकाशात उघडण्याची वेळ कुणावर न येवो.