मामांची रेघ

आमच्या अक्षर मंडळात कागद किती साठलेत हे कपाटाचं दार उघडलं की कळतं, कारण ते अंगावर येतात. किस्से मात्र कपाटात मावत नाहीत. ते वर्ग संपल्यावर मिसळीच्या टेबलावर साठतात, आणि दर रविवारी कुणीतरी जुनाच किस्सा नवा मीठमसाला लावून सांगतो. मी मसाला लावणार नाही. माझं मेडिकलचं दुकान आहे. जे द्यायचं ते प्रमाणात द्यायची मला सवय आहे.

आधी मंडळाची ओळख करून देतो. नगरमधल्या एका प्राथमिक शाळेचा एक वर्ग रविवारी सकाळी नऊ ते अकरा आम्हाला वापरायला मिळतो. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय. तशा नव्या पाट्याही आम्हीच लिहिल्या. पण बोलताना जीभ अजून नगरच म्हणते.) बाकं तिसरीतल्या पोरांच्या मापाची, त्यामुळे लिहिताना आमचे गुडघे हनुवटीला टेकतात. येणारे-जाणारे बरेच, पण चिकटून राहिलेले आम्ही पाचजण.

मंडळाची एक पद्धत आहे. शेवटच्या अर्ध्या तासात फळ्यावर मोठा कागद लावायचा आणि एकेकाने एकेक शब्द लिहून एक ओळ पुरी करायची. पण अक्षरांवरची रेघ, शिरोरेषा, कुणीही काढायची नाही. सगळ्यांचं झालं की मामा उठणार, रुंद ब्रश शाईत बुडवणार, श्वास धरणार आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या शब्दांवरून एकच रेघ ओढणार. तोवर अक्षरं उघड्यावर पडल्यासारखी दिसतात. म्हणून मामा या कामाला 'छप्पर घालणं' म्हणतात.

मामा म्हणजे भागवत पेंटर. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या आणि निवडणुकीच्या भिंती रंगवल्या. मग फ्लेक्स आले आणि धंदा बसला. मंडळात आम्ही सगळे हौशी, कमावलेला हात एकट्या मामांचा. ते कुणाला नावाने हाक मारत नाहीत. मी 'मेडिकल', एकनाथ 'सुपा', आणि सुमनताई नुसत्या 'बाई'. डॉक्टर डॉक्टरच.

मामांना सरळ रेघेसाठी पट्टी किंवा दोरा लागलेला कुणी पाहिलेला नाही. विचारलं तर म्हणायचे, "दोरा गवंड्याला लागतो. पेंटरला न्हाई."

•

डॉक्टर मंडळात आले ते माझ्यामुळे. त्यांच्या चिठ्ठ्या वाचण्यात माझी उमेदीची वीस वर्षं गेली. एकदा वैतागून मी म्हणालो, "डॉक्टर, रविवारी चला माझ्याबरोबर. तुमचं नाही तर निदान माझं आयुष्य सुधारेल."

सहा महिन्यांत माणसाने कमाल केली. एका सोमवारी त्यांनी कट निबने चिठ्ठी लिहिली. 'सकाळी एक, जेवणानंतर' असं काही लिहिलं होतं की फ्रेम करावी. ती चिठ्ठी घेऊन पाथर्डीकडच्या एक आजी माझ्या काउंटरला आल्या. मी औषधं काढायला वळलो, तर त्यांनी चिठ्ठी परत ओढून घेतली.

"ह्ये औशद नको मला. ही चिठ्ठी डाक्टरची न्हाई."

"आजी, त्यांचीच आहे. मी ओळखतो."

"कशी आसंल? मला सुदिक वाचता येतीय!"

शेवटी डॉक्टरांना शेजारच्या जिन्यावरून खाली यावं लागलं. त्यांनी माझंच पेन घेतलं आणि जुन्या पद्धतीने भराभरा खरडून दिलं. आजींनी तो कागद कपाळाला लावला. तेव्हापासून डॉक्टर अक्षर फक्त रविवारी काढतात.

•

एकनाथ सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात वेल्डर आहे. शिफ्ट कुठलीही असो, रविवार चुकवत नाही. पत्र्यावर मापं टाकायच्या खडूने त्याने वेलांट्या गिरवल्या, म्हणून त्याची वेलांटी आमच्या सगळ्यांहून गोल.

कारखान्यात एका मोठ्या प्रेसजवळ 'धोका! जवळ येऊ नये' असा बोर्ड हवा होता. साहेब म्हणाले, बाहेरून कशाला, आपला एकनाथ आहे की. एकनाथने तीन दिवस खपून बोर्ड लिहिला. 'धो'चा पोटभर गोलावा आणि खाली लाल सावली.

आठवडाभरात साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "एकनाथ, त्या मशिनजवळ आजवर कुणी फिरकत नव्हतं. आता जेवणाच्या सुट्टीत लोक तिथं उभं राहून फोटो काढतायत."

मग उपाय म्हणून त्याच्याकडूनच दुसरा बोर्ड लिहून घेतला. 'येथे थांबून वरील बोर्ड पाहू नये.' आता लोक दोन्ही बोर्ड बघायला थांबतात. साहेबांनी शेवटी जाळी बसवली.

•

सुमनताई कोपरगावच्या. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झाल्या. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना सरळ करण्यात हयात गेल्यामुळे त्यांची नुसती नजर पुरते. पहाटेची एसटी धरून येतात आणि नऊच्या ठोक्याला पहिल्या बाकावर असतात. आम्ही नगरचे मात्र सव्वानऊला पोचतो.

मंडळाला लागणारे बोरू त्याच आणतात. गोदावरीच्या काठचं पुरुषभर उंचीचं बोरूचं गवत कापून, वाळवून, मोळी बांधून. पहिल्यांदा मोळी घेऊन बसमध्ये चढल्या तेव्हा कंडक्टरने अडवलं.

"मावशी, चारा टपावर टाका."

"चारा नाही. पेनं आहेत."

कंडक्टरने मोळीकडे पाहिलं, मग ताईंकडे पाहिलं. "पेनं आसतील तर खिशाला लावा की!"

ताईंनी पिशवीतून चाकू काढला, एक काडी तासली, शाईची बाटली उघडली आणि तिकिटाच्या मागे त्याचं नाव लिहून दिलं. बस राहुरीला येईपर्यंत कंडक्टर त्या तिकिटावर फुंकर मारत होता. आता पहिली सीट ताईंची आणि दुसरी मोळीची.

•

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मामांनी बशीतून चहा प्यायचं सोडलं. अर्धा ग्लास घ्यायचे, दोन्ही हातांनी धरून. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण त्यांच्या गोळ्या माझ्या दुकानातून जातात. डॉक्टरांनी लिहून दिल्या, मी दिल्या, आणि आम्ही दोघं वर्गात एकमेकांकडे बघायचं टाळू लागलो. मामांचा उजवा हात कापत होता.

मग एका रविवारी कागद पुरा झाला तरी मामा उठले नाहीत. म्हणाले, "ब्रशाचं केस झडल्यात. पुढच्या येळंला घालू छप्पर."

पुढच्या वेळी शाई पातळ होती. त्यानंतर कागद शाई पीत होता. चौथ्या रविवारी मामा म्हणाले, "आज आमुश्या हाय. आज नको."

एकनाथने मोबाईलमध्ये पाहिलं. अमावस्या नव्हती. त्याने मोबाईल खिशात ठेवला आणि म्हणाला, "व्हय मामा, आज नकोच."

एकदा नव्याने आलेले एक गृहस्थ म्हणाले, "रेघच तर आहे, मी ओढतो." आणि उठले. सुमनताईंनी फक्त मान वळवून पाहिलं. ते बसले.

असे बिनछपराचे तेरा कागद कपाटात साठले. एवढ्या कमावलेल्या हाताचा माणूस मागच्या बाकावर हात मांडीखाली दाबून बसतो हे मला बघवत नव्हतं. मामांनी आता ब्रश कायमचा ठेवला की काय, हा एकच प्रश्न सगळ्यांच्या पोटात होता. विचारायची हिंमत कुणाचीच नव्हती.

•

उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका शाळेतून निरोप आला. नवी भिंत बांधली आहे, त्यावर एक ओळ लिहून द्याल का? ओळ पोरांनी ठरवली होती. 'आमची शाळा डोंगराहून उंच.' चार शब्द, आणि मामा सोडून आम्ही चारजण.

मामा म्हणाले, "तुमी जा. माझं गुडघं दुखत्यात."

सुमनताई म्हणाल्या, "जीपला गुडघे लागत नाहीत. बसा."

डॉक्टरांनी 'आमची' लिहिलं, मी 'शाळा'. 'डोंगराहून' एकनाथकडे, आणि ताईंचं 'उंच'. पोरं ओळीने मांडी घालून बसली होती आणि मामा शाळेच्या खुर्चीवर. ते आमच्या चुका काढत होते, पण हात खिशात. दुपारपर्यंत चारही शब्द झाले. मग सगळं थांबलं.

एकनाथने हळूच पिशवीतून दोरा काढला. "मामा, दोऱ्याचं एक टोक मी धरतो. नुसती खूण करू."

मामा भिंतीकडे बघत राहिले. "दोरा गवंड्याला लागतो."

"मग पेंटरला काय लागतं ते तरी सांगा," सुमनताई म्हणाल्या. "पोरं सकाळपासून बसलीत. छप्पर न घालताच जायचं का?"

मामा उठले. ब्रश घेतला, श्वास धरला आणि रेघ सुरू केली. पूर्वी एका श्वासात व्हायची. या वेळी किती श्वास लागले ते मी मोजले नाहीत, कारण माझाच अडकला होता. 'शाळा'वर रेघ थोडी थरथरली. 'डोंगराहून'च्या मधोमध चांगलीच खाली गेली आणि परत वर आली. 'उंच' संपवून मामांनी ब्रश खाली ठेवला, दोन पावलं मागे आले आणि म्हणाले, "वाकडी झाली."

शाळेच्या गुरुजींनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "वाळल्यावर सरळ करून घेणार ना?"

माझ्याआधी ताईंनीच उत्तर दिलं. "वाळली की पक्की होते, गुरुजी. कुणी हात लावू नका."

पुढचे दोन रविवार मामा आलेच नाहीत. ताईंनी मला तीनदा विचारलं, "आपण चुकलो का हो?" आणि वजनकाट्यावर कुणाला न घाबरलेल्या त्या बाईचे डोळे भरून आले.

तिसऱ्या रविवारी मामा आले. मागच्या बाकावर बसले. कागद बिनछपराचाच राहिला.

•

मग शाळा सुरू झाल्या, आणि श्रावणात अकोल्याच्या गुरुजींचा मला फोन आला. आवाज तक्रारीचा.

"काय सांगू तुम्हाला. मी तिसरीच्या वर्गाला रोज एक पान भिंतीवरची ओळ लिहायला लावतो. अक्षर सुधारलंय, खोटं कशाला बोलू. पण आता पोरं काहीही लिहिताना पूर्ण ओळीवर एकच रेघ ओढतात. आणि ती मध्ये खाली जाते आणि परत वर येते!"

"पट्टीने काढायला सांगा की."

"सांगितलं. तर म्हणतात, भिंतीवर तशीच हाय, गुरुजी. तुमचीच चुकतीय."

त्यांनी वह्यांचा फोटो पाठवला. तेवीस वह्या जमिनीवर मांडलेल्या. प्रत्येक ओळीवर एक लांब रेघ, आणि प्रत्येक रेघ बरोबर मधोमध खाली जाऊन वर आलेली.

फोटो मामांना दाखवायचा की नाही यावर मिसळीच्या टेबलावर आमच्यात चांगलंच वाजलं. डॉक्टर म्हणाले, नको, मनाला लागेल. एकनाथ म्हणाला, दाखवू. ताईंनी माझा मोबाईल घेतला आणि पुढच्या रविवारी सरळ जाऊन मामांच्या पुढ्यात धरला.

मामांनी चष्मा वर केला. फोटो बोटांनी मोठा केला. एक वही बघितली, मग दुसरी. अशा सगळ्या तेवीस बघितल्या.

"मेडिकल," मामा म्हणाले, "ह्यांच्या गुरुजीला फोन लाव."

"काय सांगू मामा?"

"पोरं लई हलवत्यात. एवढं न्हाई हलवायचं."

मग ते उठले, कपाट उघडलं, अंगावर आलेल्या कागदांतला सगळ्यात जुना बिनछपराचा उचलला आणि फळ्यावर लावला. ब्रश शाईत बुडवून पहिल्या अक्षराच्या डोक्यावर टेकवला.

"फोटो काढून पाठीव त्याला," मामा म्हणाले. "बघा. आशी."